पोलिसांच्या छताखाली, बाईच्या बाजूने
महिला व मुलांसाठी विशेष कक्ष : १९८४ पासूनची वाटचाल

मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली एक छोटा कक्ष सुरू झाला. तिथे बसणाऱ्या कार्यकर्त्या पोलीस खात्याच्या नव्हत्या. त्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे ‘टिस’, या संस्थेच्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या होत्या. घरात मारहाण, छळ, उपासमार सोसणाऱ्या बाईचे म्हणणे ऐकायचे, तिला धीर द्यायचा आणि तिला हवी असलेली मदत पोलिसांकडून, न्यायालयातून, नातेवाइकांतून उभी करून द्यायची, एवढे त्यांचे काम. ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ हे त्याचे पूर्ण नाव. बोलताना सगळे ‘स्पेशल सेल’ म्हणतात. एका शहरात प्रयोग म्हणून निघालेला हा कक्ष पुढे महाराष्ट्र शासनाची जिल्ह्याजिल्ह्यांतली सेवा झाला. चाळीस वर्षांहून अधिक काळच्या या वाटचालीचा हा आढावा.

कक्षापूर्वीचा काळ

अडलेल्या बाईला आसरा देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, तर धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम. या संस्थांनी प्रामुख्याने विधवांना छप्पर दिले, शिकवले, पायावर उभे केले. मात्र नवरा हयात आहे, घर आहे, कुंकू आहे आणि त्याच घरात रोज मार आहे, अशा बाईने कुठे जावे याची सोय नव्हती. तिला फक्त माहेर होते. ‘आता तेच तुझं घर’ असे माहेरानेही सांगितले की तो दरवाजाही बंद.

पोलीस ठाण्यात गेली तरी पदरात फारसे पडत नसे. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा. त्यामुळे ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र तक्रार लिहून घ्यायची, नवऱ्याला बोलावून दोन शब्द सुनवायचे आणि ‘घरचा मामला आहे, जमवून घ्या’ म्हणत दोघांना एकत्र घरी धाडायचे, हा रिवाज होता. हवालदार वाईट होता असे नाही. कायद्याने त्याच्या हाती काही दिले नव्हते, आणि समाजाने त्याला जे शिकवले होते तेच तो बोलत होता.

१९७० नंतर वारे बदलू लागले. आरोपी पोलिसांना निर्दोष सोडणाऱ्या मथुरा बलात्कार खटल्याच्या निकालावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर निदर्शने झाली. मुंबईत १९८० मध्ये बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि त्याचेच पुढे नारी अत्याचार विरोधी मंचात रूपांतर झाले. मुंबईतच १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रंगमंचावर आणले आणि वस्त्यावस्त्यांत, गावोगावी त्याचे प्रयोग केले. पुण्यात १९८२ मध्ये एका नवविवाहितेचा विषबाधेने मृत्यू झाला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये आरोपी निर्दोष सुटला. परिस्थितिजन्य पुरावा कसा जोखावा याची पाच सूत्रे त्या निकालात आहेत. कायद्याचे विद्यार्थी आजही ती शिकतात. पुण्यातल्या बायकांनी मात्र त्यातून वेगळा धडा घेतला. चार भिंतींआड काय घडले याचा साक्षीदार नसतो, म्हणून बाई जिवंत असतानाच तिचे म्हणणे कुणीतरी ऐकून, लिहून ठेवायला हवे.

स्त्री चळवळीच्या या रेट्याने २५ डिसेंबर १९८३ पासून भारतीय दंड संहितेत कलम ४९८ अ आले. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता, शारीरिक तशीच मानसिकही, हा आता दखलपात्र गुन्हा झाला. कायदा कागदावर आला, पण तो घेऊन बाई ज्या दारात उभी राहणार ते दार पोलिसांचे होते.

आयुक्तालयातली सुरुवात

टिसला अशा कामाचे वावडे नव्हते. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने सुरू झालेली ही संस्था मुळात नागपाड्याच्या वस्तीकामातून उगवली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. वर्गात शिकवायचे आणि प्रत्यक्ष समाजात प्रकल्प उभारून ते तपासायचे, ही तिची पद्धत. तुरुंगातील बंदी आणि त्यांच्या कुटुंबांसाठीचा ‘प्रयास’, रस्त्यावरच्या मुलांसाठीची ‘चाइल्डलाइन’ हे पुढचे प्रकल्प याच रीतीने जन्मले. विशेष कक्ष त्यांचा थोरला भाऊ.

ज्युलिओ रिबेरो तेव्हा मुंबईचे पोलीस आयुक्त होते. पोलीस खात्याने आवारात जागा दिली आणि टिसने माणसे दिली. जागा आयुक्तालयातलीच का, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. संस्थेच्या आवारात किंवा एखाद्या समाजमंदिरात समुपदेशन केंद्र काढणे सोपे होते. पण हिंसा जिवावर बेतली की बाई पोलिसांकडेच धावते. ती जिथे येते तिथेच आपण असावे, हा त्यामागचा विचार. आणखी एक हिशेब होता. बाहेरच्या संस्थेने पाठवलेली चिठ्ठी नवरा फाडून टाकतो. पोलीस आयुक्तालयातून पत्र गेले की तो येतो.

या जागेची जोखीमही होती. पोलिसांच्या छताखाली बसले की पोलिसांचेच होऊन जाण्याचा धोका. म्हणून पहिल्यापासून एक रेघ आखून घेतली गेली. कक्षाची कार्यकर्ती तपास करणार नाही, जबाब नोंदवणार नाही, निवाडा देणार नाही. तिची बांधिलकी आलेल्या बाईशी. गुन्हा नोंदवायचा की नाही हे बाई ठरवील. तिने नोंदवायचे ठरवले तर मात्र कार्यकर्ती तिच्या शेजारी उभी राहून तो नोंदवून घेईल. पोलिसांशी रोज चहा घ्यायचा आणि वेळ आली की त्यांच्याशीच वादही घालायचा, अशी ही कसरत होती. पुढे दादर आणि कांदिवली येथेही कक्ष सुरू झाले. टिसमधील प्राध्यापक अंजली दवे यांचे नाव या वाटचालीशी दीर्घकाळ जोडलेले आहे.

कामाची रीत

कक्षात बाई क्वचित एकटी येते. बरोबर आई, भाऊ, शेजारीण, कडेवर मूल. पहिली गोष्ट म्हणजे बाकीच्यांना बाहेर बसवायचे आणि बाईशी एकांतात बोलायचे. भावासमोर ती नवऱ्याबद्दल बोलते. भावाने परत पाठवले तर काय, हे मात्र भावासमोर बोलत नाही. पहिले प्रश्न साधे असतात. आज रात्री कुठे झोपणार? मुले कुणाजवळ आहेत? कुठे लागले आहे का? लागले असेल तर आधी सरकारी रुग्णालय, तिथे डॉक्टरांकडून नोंद, मग बाकीचे. राहायला जागा नसेल तर निवारागृह. लग्न कधी झाले, हुंडा किती दिला, हे नंतर.

मग तिचे सगळे ऐकून घ्यायचे. त्याला वेळ लागतो. बऱ्याच जणी सुरुवातीला दारूबद्दल बोलतात, सासूबद्दल बोलतात. अंथरुणातली जबरदस्ती तिसऱ्या-चौथ्या भेटीत ओठांवर येते. ‘माझंच काही चुकलं असेल’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडी. ते तिच्या मनातून काढणे हे समुपदेशनाचे पहिले काम. कुठल्याही चुकीची शिक्षा मार ही नसते, हे तिला पटेपर्यंत पुढचे कुठलेच पाऊल पक्के पडत नाही.

तिने ठरवले तर नवऱ्याला पत्र जाते आणि एकत्र बैठक होते. या बैठकीचे नियम ठरलेले. आवाज चढवायचा नाही. दोन्हीकडची दहा-दहा माणसे आत घ्यायची नाहीत. ‘तिने जेवण वेळेवर दिलं नाही म्हणून हात उचलला’ असे समर्थन ऐकून घेतले जाणार नाही. पैसा, मुलांची शाळा, राहण्याची जागा यांवर वाटाघाटी होऊ शकतात. मार थांबवण्यावर नाही, ती अट. कक्षाच्या भाषेत याला अहिंसेसाठी वाटाघाट म्हणतात. पुरुषाशीही बोलावे लागते, त्याच्या दारूवर, संशयावर, बेकारीवर काम करावे लागते, पण ते बाईच्या हितासाठी. लेखी हमी घेतली जाते, पुढची तारीख दिली जाते, मध्ये घरी भेट होते. हमी मोडली तर कायद्याचा रस्ता मोकळा असतोच.

कक्षात येणारे बहुतेक नातेवाईक ‘समेट करून द्या’ म्हणतात. बाईला नांदायचे असेल तर कक्ष त्यासाठी झटतो. तिला फारकत हवी असेल तर तेवढ्याच निष्ठेने वकील मिळवून देतो, विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतो. संसार टिकला की मोडला, यावर कक्षाचे यश मोजले जात नाही. मार थांबला का, तिच्या हातात पैसा आला का, तिच्या बाजूने उभे राहणारे दोन माणसे वाढली का, ही मोजपट्टी.

स्त्रीधन आणि कागदपत्रे

स्त्रीधन परत मिळवणे हे कक्षाच्या कामातले सगळ्यात दृश्य काम. बाई घरातून निघते ती नेसत्या वस्त्रानिशी. तिचे दागिने, लग्नात आलेली भांडी, कपाट, शिलाई मशीन सासरी राहते. कायद्याने ते तिचेच. आधी कक्षात बसून यादी करायची. कार्यकर्ती विचारते आणि बाई आठवून सांगते. स्टीलची टाकी एक, तांब्याचा हंडा एक, पितळी परात, डबे सात, गादी, मुलाचा पाळणा. लग्नाच्या फोटोंत दिसणारा हार, दुकानाची पावती असेल तर तीही जोडायची. ठरल्या दिवशी पोलीस शिपाई, कार्यकर्ती, दोन साक्षीदार आणि टेम्पो घेऊन सासरी जायचे. दारात शेजारी जमतात. सासू एकेक डबा उघडून दाखवते आणि वाद परातीवर अडतो, कारण ती सासूच्या लग्नातली असल्याचे ती सांगते. यादीवर खूण होते, जे मिळाले नाही ते वेगळे लिहिले जाते, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात.

बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. त्या शिलाई मशीनवर पुढची काही वर्षे तिचे पोट चालते, हे कक्षाला ठाऊक असते. म्हणून भांड्यांइतकीच कागदांची यादी काटेकोर असते. रेशनकार्डावरचे नाव, मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, बँकेचे पासबुक, आधार. नवऱ्याने दाखला अडवून ठेवला की मुलाचा प्रवेश अडतो, आणि प्रवेशासाठी बाई परत त्याच दारात जाते. असा दाखला सोडवून आणणे हेही समुपदेशनच.

नोंदी हे कक्षाचे दुसरे धन. प्रत्येक भेटीची तारीख, काय बोलणे झाले, काय ठरले, सारे लिहिलेले. या नोंदींचा उपयोग न्यायालयात तर होतोच, अभ्यासालाही झाला. अंजली दवे आणि गोपिका सोळंकी यांनी मुंबईतील कौटुंबिक हिंसेवर केलेला ‘जर्नी फ्रॉम व्हायलन्स टू क्राइम’ हा अभ्यास टिसने २००१ मध्ये प्रसिद्ध केला. घरातला मार कायद्याच्या नजरेत गुन्हा ठरेपर्यंत बाईला किती पायऱ्या चढाव्या लागतात, याचा तो लेखाजोखा.

मुंबईबाहेर

नव्या शतकाच्या सुरुवातीला कक्ष मुंबईबाहेर पडला. २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने ही सेवा आपल्या योजनेत घेतली. तेव्हापासूनची रचना तीन पायांवर उभी आहे. निधी महिला व बालविकास विभागाचा, जागा गृह खात्याची म्हणजे पोलिसांची, आणि प्रशिक्षण व मार्गदर्शन टिसचे. स्वयंसेवी संस्थेचा प्रकल्प देणगी संपली की संपतो. शासनाच्या अंदाजपत्रकात एक ओळ मिळाली की तो टिकतो. पहिल्या वीस वर्षांची कमाई ती ओळ आहे.

जिल्ह्यांत गेल्यावर काम वेगळे दिसू लागले. मुंबईत बाईला चाळीतली शेजारीण साथ देते, गावात अख्खी भावकी नवऱ्याची. २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि नवरा-बायकोचे भांडण गावच्या समितीपुढे मिटवण्याकडे कल वाढला. समितीत चांगले काम करणारीही माणसे होती, पण गाव तंटामुक्त ठरण्याच्या घाईत बाईच्या तक्रारीवर पांघरूण पडण्याचा धोका होता. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली बाई हंगामाचे महिने गावातच नसते, तिची पुढची तारीख लावायची कशी, हाही प्रश्न. दुष्काळी भागात माहेरची परिस्थितीच अशी की परत आलेल्या लेकीचे आणि तिच्या दोन मुलांचे खाणे भावाला झेपत नाही. अशा ठिकाणी समुपदेशन म्हणजे रोजगार हमीचे कार्ड, बचत गट, वसतिगृह यांची गाठ घालून देणे.

महाराष्ट्राचा हा नमुना पाहून राजस्थान, हरियाणा या राज्यांतही पोलीस यंत्रणेत समाजकार्यकर्त्या बसवण्याचे प्रयत्न झाले. पोलिसांऐवजी दवाखान्यातून हेच काम करण्याचा एक भाऊबंद प्रयोगही मुंबईतच झाला. ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी २००० मध्ये वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढले. ‘पाय घसरून पडले’ म्हणणाऱ्या बाईच्या अंगावरचे वळ पहिल्यांदा डॉक्टरच पाहतो. म्हणून ते केंद्र रुग्णालयात.

कायदा बदलला, काम वाढले

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि कक्षाच्या कामाला मोठा आधार मिळाला. कलम ४९८ अ खाली नवऱ्याला शिक्षा होऊ शकते, पण बाईला डोक्यावर छप्पर मिळत नाही. नव्या कायद्याने संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई या पाच गोष्टी एकाच अर्जात मागता येऊ लागल्या. आर्थिक कोंडी ही हिंसाच, हे कायद्यात लिहिले गेले. संरक्षण अधिकारी आले, सेवा देणाऱ्या संस्थांना कायद्यात स्थान मिळाले. या कायद्याच्या नियमांत समुपदेशनाबद्दल एक तरतूद आहे. हिंसेचे समर्थन समुपदेशनात ऐकून घेतले जाणार नाही, हे प्रतिवादीला आधीच सांगावे. कक्षाच्या बैठकीत अनेक वर्षे पाळला गेलेला दंडक आता देशाच्या नियमांत होता.

पुढच्या काळात उलटसुलट वळणे आली. ४९८ अ च्या गैरवापराची ओरड वाढली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तक्रारी आधी जिल्हा पातळीवरच्या कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठवण्याचा आदेश दिला. त्याला आव्हान देणाऱ्यांत अहमदनगरची ‘न्यायाधार’ ही महिलांची संस्था होती. २०१८ मध्ये न्यायालयाने त्या समित्यांची तरतूद मागे घेतली. २०२० मध्ये सासऱ्याच्या नावावर असलेल्या घरातही सुनेला राहण्याचा हक्क मागता येतो, हे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याच वर्षी करोनाच्या टाळेबंदीत बाई आणि मारणारा एकाच खोलीत कोंडले गेले, तेव्हा समुपदेशन फोनवर गेले. नवरा दूध आणायला खाली उतरला की बोलायचे, तो आला की ‘राँग नंबर’ म्हणत ठेवून द्यायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ४९८ अ ची जागा कलम ८५ आणि ८६ ने घेतली. क्रमांक बदलले, ठाण्याच्या दारातली बाई तीच आहे.

अडचणी

गौरवाच्या अंकात उणिवा झाकण्याची रीत असते. इथे ती नको. कक्षातील पदे कंत्राटी आहेत. आज ना उद्या सुटेल अशा नोकरीवर बसलेली कार्यकर्ती रोज दुसऱ्याच्या असुरक्षिततेला उत्तर शोधत असते. अनुभवी कार्यकर्ती गेली की तिच्याबरोबर पोलिसांशी, न्यायालयाशी, निवारागृहांशी जुळलेले धागेही जातात, आणि नव्या कार्यकर्तीला ते पुन्हा पहिल्यापासून विणावे लागतात. ठाणेदार बदलला की खोलीही बदलते, कधी जिन्याखाली टेबल मिळते. तिथे बाई बोलणार कशी?

दुसरी अडचण मनोवृत्तीची. अजूनही पाहुणे येतात, अहवाल पाहतात आणि विचारतात, ‘वर्षाला किती संसार वाचवले?’ हा आकडा चांगला दिसावा म्हणून बाईला परत पाठवण्याचा मोह जिथे होतो तिथे समुपदेशन संपते. शासनाच्या ‘सखी’ केंद्रांपासून पोलिसांच्या भरोसा सेलपर्यंत अनेक यंत्रणा आता उभ्या आहेत. त्या वाढल्या याचा आनंदच आहे. पण बाईला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरावे लागत असेल तर संख्या वाढून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांत सांगण्यासारखी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. हिंसा सोसणाऱ्यांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. म्हणजे कक्षाच्या दारापर्यंत पोचते ती रांगेतली अगदी पुढची बाई.

वाचकांना विनंती

शासनाकडे कक्षाचे मागणे थोडे आणि स्पष्ट आहे. पदे कायम करा, प्रत्येक कक्षाला दार लावता येईल अशी खोली द्या आणि कामाचे मोजमाप समेटाच्या आकड्याने करू नका. वाचकांकडे मागणे याहून सोपे आहे. तुमच्या इमारतीतली, वाडीतली, नात्यातली एखादी बाई काही सांगू पाहत असेल तर ‘थोडं सहन कर’ म्हणण्याआधी तिला विचारा, ‘तुला काय हवंय?’ महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीचा क्रमांक ११२ तिच्या फोनमध्ये दुसऱ्या नावाने साठवून द्या. आणि ती ठाण्यात जायला निघाली तर तिच्याबरोबर जा. एकटीने गेलेल्या बाईला परत पाठवणे सोपे असते.